तबकडी सुचवताना

‘चार चांगली नावे लिहून द्या,’ असे कोणी म्हटले की आम्हांस धडकी भरते. मागणारा सज्जन असतो, चहा झालेला असतो आणि त्याची खात्री असते, की ज्याच्या घरी जॅझच्या आणि रेगेच्या मिळून सहा-सातशे तबकड्या आहेत त्याला चार नावे सांगायला कितीसा वेळ लागणार! वेळ लागत नाही, हे खरेच. नावे जिभेच्या टोकावर असतात. पण ती सांगून झाल्यावर काय होते, तेही आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. तो सद्गृहस्थ पंधरा दिवसांनी भेटतो, ‘ऐकले हो तुमचे ते,’ एवढेच म्हणतो आणि बोलणे पावसाकडे वळवतो.

आमच्या ओळखीत इंदुरात पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या जमवणारी मराठी माणसे मोजून सहा. सहाही घरे होळकरशाहीपासून इथे वसलेली. सहाही घरांत तबकडी म्हटली की नाट्यसंगीत, भावगीत आणि ख्याल, एवढेच पूर्वापार ठरलेले. जॅझ आमच्याकडे आले ते महूच्या छावणीतून. बदली झालेल्या लष्करी अधिकाऱ्यांचे जड सामान तिथल्या जुन्या बाजारात निघे. त्यात खुर्च्या-टेबलांच्या बरोबरीने कधी तबकड्यांचा एखादा गठ्ठा असे आणि तो चक्क वजनावर मिळे. पुढे मुंबईला जाणे झाले की ‘ऱ्हिदम हाऊस’ची पायरी चढल्याशिवाय परतीची गाडी धरायची नाही, असा नेम पडला. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले, त्या दिवशी आम्हां सहाजणांपैकी दोघांनी दाढी केली नाही. रेगे मात्र उशिरा आले, आमच्यातल्याच एकाच्या धाकट्या भावाने लंडनहून पाठवलेल्या एका खोक्यातून.

‘सर्वश्रेष्ठ शंभर तबकड्या’ अशा याद्या नियतकालिकांतून येत असतात. त्या खोट्या असतात असे नाही. पण त्या कोणाच्याच कानासाठी केलेल्या नसतात. तबकडी सुचवणे हे आमच्या मते स्थळ सुचवण्यासारखे काम आहे. मुलगी चांगली, मुलगा चांगला, घराणे चांगले, आणि तरी संसार होईलच असे नाही. मध्यस्थाला दोन्ही घरांची माहिती हवी. आम्ही तबकड्यांची माहिती भरपूर मिळवली. माणसांच्या कानांची माहिती मिळवायला मात्र आयुष्य गेले, आणि तीही बरीचशी एकाच माणसाकडून मिळाली. त्यांना इथे नुसते अण्णा म्हणू.

अण्णा आमच्याहून नऊ वर्षांनी मोठे, पेशाने अभियंता, कानाने अमीर खाँसाहेबांचे. खाँसाहेबांची एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली लाँगप्ले त्यांनी इतकी वाजवली होती, की दरबारीची सुरुवात पांढुरकी दिसू लागली होती. १९८४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘तुम्ही ते साहेबी काय ऐकत बसता, त्यातले एक आम्हांलाही ऐकवा. पण पळापळीचे नको.’

आम्ही माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ लावली. तिची निवड करण्यात काही हुशारी होती असे नाही. १९५९ मध्ये निघालेली ही तबकडी जगभर खपलेली आहे. पण अण्णांच्या बाबतीत ती योग्य ठरली, याचे कारण वेगळे होते. तोवरच्या जॅझमध्ये वादकाच्या पायाखालची स्वरसंगती दर दोन-चार मात्रांनी बदलत असे आणि वादकाचे कौशल्य त्या धावत्या जमिनीवर तोल सांभाळण्यात असे. इथे डेव्हिसने जमीन स्थिर केली. ‘सो व्हॉट’ या पहिल्या चिजेत चार-चार मात्रांची सोळा आवर्तने एकाच स्वरसप्तकावर, पुढची आठ तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर चढवून, शेवटची आठ पुन्हा मूळ जागी. आणि ते सप्तक म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर. अण्णांना थाट वगैरे सांगावे लागले नाही. डबल बासने प्रश्न विचारावा आणि बाकीच्या वाद्यांनी दोन स्वरांत ‘हो’ म्हणावे, तशी ती सुरुवात झाली आणि अण्णांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

दुसऱ्या दिवशी ते आपली सूरपेटी घेऊन आले. पुन्हा तीच बाजू लावायला सांगितली, भाता हलवला, मान हलवली. ‘ही पांढरी दोन नाही,’ ते म्हणाले, ‘आणि काळी दोनही नाही. मधेच कुठेतरी आहे. तुमच्या यंत्रात खोट आहे.’ आम्हांला तो आपल्या घराण्याचा अपमान वाटला. आम्ही टर्नटेबलचा पट्टा बदलला, वेग मोजला. वेग अचूक होता. अण्णा आपल्या म्हणण्यावर ठाम, आम्ही आमच्या. पुढे १९९२ मध्ये त्या तबकडीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा खरा प्रकार उघड झाला. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, जो पूर्वी चर्च होता, पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा मुद्रित होत असताना मुख्य यंत्र किंचित मंद चालत होते. म्हणून ती फीत योग्य वेगाने वाजवली, की संगीत किंचित चढे ऐकू येई. तेहतीस वर्षे जगाने ती बाजू चढ्या सुरात ऐकली होती, आणि रामबागेतल्या एका माडीवर एका माणसाने सूरपेटी लावून ते पकडले होते. आम्ही माफी मागितली. अण्णा म्हणाले, ‘यंत्र तुमचे नसले तरी यंत्रच होते ना?’

मधल्या काळात आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितली पाहिजे. ‘काइंड ऑफ ब्ल्यू’मध्ये जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन अण्णांना विशेष भावला होता. आमच्याकडे कोल्ट्रेनची ‘असेन्शन’ नुकतीच आली होती. जून १९६५ मध्ये अकरा वादकांनी मिळून वाजवलेली एकच सलग चीज. सामूहिक वादन असे, की देवळात एकाच वेळी अकराजण आपापल्या देवाला हाका मारत आहेत. या तबकडीच्या पहिल्या प्रती निघाल्यानंतर आतले मुद्रणच बदलून दुसरे घातले गेले आणि तसे निशाण लेबलाजवळच्या कोऱ्या कड्यात कोरले गेले. आमची प्रत कोणती, हे भिंगातून पाहण्यात आम्ही एक रविवार घालवला होता. त्या भरात आम्ही ती अण्णांच्या हाती ठेवली. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, सुतळी बांधून परत आली. बरोबर चिठ्ठी नव्हती. चार महिने अण्णा आमच्याकडे फिरकले नाहीत.

‘असेन्शन’ मोठी कृती आहे, याविषयी आमचे मत आजही बदललेले नाही. पण आम्ही ती अण्णांसाठी निवडली नव्हती. आमच्याकडे काय आहे, हे त्यांना दिसावे म्हणून ती दिली होती. संग्राहकांच्या शिफारशींत हा दोष फार आढळतो, आणि तो आपला आपल्याला सहसा ऐकू येत नाही. अण्णा परत आले ते आपण होऊन, आणि कोल्ट्रेनचे नाव आमच्या बोलण्यात पुन्हा यायला दोन वर्षे लागली.

तेव्हापासून आम्ही प्रथम माणसाला विचारतो, ‘तुम्ही काय ऐकता?’ आमचा दुसरा एक मित्र जुन्या खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे जमवतो. ज्यात कपबशी वाजते, कोणी खोकतो, मागून कोणी ‘आहाहा’ म्हणतो, ती त्याला स्टुडिओतल्या मुद्रणाहून प्रिय. त्याला आम्ही बिल इव्हान्सची ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ दिली. २५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबात पियानो, बास आणि ड्रम्स अशा त्रयीने वाजवलेले हे संगीत. पेल्यांची किणकिण आहे, बायकांचे हसणे आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकजण ऐकतच नव्हते हेही कळते. स्कॉट लाफारो हा पंचवीस वर्षांचा बासवादक तिथे पियानोच्या मागे न चालता त्याच्याशी बरोबरीने बोलतो. अकराव्या दिवशी मोटार अपघातात तो गेला. आमच्या मित्राने ती तबकडी परत केली नाही. आम्ही मागितलीही नाही.

सतार-तबल्याच्या लोभाने येणाऱ्यांना बहुतेक दुकानदार ‘इंडो-जॅझ स्वीट’ दाखवतात. १९६६ च्या या तबकडीत कलकत्त्यात जन्मलेला जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेला जो हॅरियट यांनी भारतीय पंचक आणि जॅझचे पंचक एकत्र बसवले. तबल्यावर केशव साठे आहेत. लंडनच्या तबकडीवर ते नाव पाहून आमच्या घरी त्या दिवशी सर्वांना दाखवण्यात आले. तरी स्पष्ट सांगतो, दोन्ही पंचके नव्या व्याह्यांसारखी वागतात. आग्रह पुष्कळ, मोकळेपणा कमी. हॅरियट ऐकायचा असेल तर त्याची त्याआधीची ‘फ्री फॉर्म’ मिळवावी. तिथे त्याला कोणाचे मन राखायचे नाही.

हॅरियटचे नाव आले म्हणून एक सांगावेसे वाटते. किंग्स्टन शहरात कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ‘अल्फा’ नावाची मुलांची शाळा होती. निराधार, उनाड ठरवलेली मुले तिथे येत आणि त्यांना बँडमधली वाद्ये शिकवली जात. हॅरियट तिथला. आणि ‘स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदाचे डॉन ड्रमंड, टॉमी मकूक हेही तिथलेच. या मंडळींनी साठच्या दशकात जे ‘स्का’ संगीत वाजवले, तेच पुढे संथ होत होत रेगे झाले. जॅझ आणि रेगे यांना आपण निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतो खरे, पण एकाच शाळेच्या एकाच खोलीतून एक मुलगा लंडनला जॅझ वाजवायला गेला आणि दुसरे घरी राहून स्काचे जनक झाले. गोमंतकातल्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तिथल्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली मुले मुंबईस जाऊन रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत होतीच. हा सांधा एकाच ठिकाणी ऐकायचा असेल, तर जमैकाचा गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिन याची १९९६ ची ‘बिलो द बेसलाइन’ ऐकावी. रेगेच्या चालींवर जॅझची बढत. ऐकायला सुखाची, आणि पाहुणे असताना लावायलाही बरी.

आता पुन्हा अण्णांकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी वहिनींचा फोन आला. ‘यांनी कपाट काढले आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या. जाऊन पाहतो तो माडीवर तबकड्यांचे चार गठ्ठे बांधलेले. अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे. ‘घेऊन जा,’ म्हणाले. ‘नातवंडांना नको आहेत आणि मला ऐकू येत नाही.’ बोललेले त्यांना बऱ्यापैकी कळत होते, म्हणून आम्ही हसण्यावारी नेऊ लागलो. तेव्हा त्यांनी मारवा लावला. थोडा वेळ ऐकून सुई उचलली आणि म्हणाले, ‘खाँसाहेब शेजारच्या घरात गाताहेत. मधे भिंत आहे.’

वयाबरोबर कानाचे वरचे स्वर आधी जातात, हे डॉक्टरांनी त्यांना आलेख काढून दाखवले होते. तानपुऱ्याची जवारी, व्हायोलिनची धार, शब्दातला स आणि श, हे सारे त्या वरच्या मजल्यावर राहते. तिथला दिवा विझला होता. श्रवणयंत्र होते, पण ते माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेले. त्यातून तानपुरा पत्र्यासारखा वाजे. अण्णा ते यंत्र काढून खिशात ठेवत आणि तसेच बसत. गठ्ठे आम्ही उचलले नाहीत. ‘पुढच्या रविवारी येतो,’ म्हणून निघालो.

तो आठवडा आम्ही घरातली फडताळे उपसण्यात घालवला. आजवर आम्ही कित्येकांना तबकड्या सुचवल्या. पण ज्याच्या कानाचा फक्त तळमजला शाबूत आहे अशा माणसाला काय सुचवावे? जॅझ एकेक करून बाद होत गेले. झांजा गेल्या की जॅझच्या तालाचा निम्मा प्राण गेला. इव्हान्सची बोटे गेली. बास आहे, पण त्या काळच्या मुद्रणांत तो मागे, अंगणात उभा असल्यासारखा. आणि मग आमची नजर रेगेच्या खालच्या फळीवर गेली.

रेगेत बास मागे नसतो. तोच गातो; गायक त्याच्या आधाराने बोलतो, असे म्हटले तरी चालेल. याचे कारण त्या बेटाच्या रस्त्यांत आहे. पन्नासच्या दशकापासून किंग्स्टनमध्ये संगीत ऐकले जाई ते ‘साउंड सिस्टिम’वर, म्हणजे चौकात कपाटाएवढे ध्वनिक्षेपक मांडून, उघड्यावर. ज्याचा खर्ज दणदणीत त्याच्याकडे गर्दी. तबकड्या निघाल्या त्या या ध्वनिक्षेपकांवर वाजण्यासाठी, दिवाणखान्यासाठी नव्हे. म्हणूनच लहान पेटीवर ऐकून रेगेला नावे ठेवणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही. त्यांनी अजून ते ऐकलेलेच नसते.

आम्ही बर्निंग स्पिअरची ‘मार्कस गार्वी’ निवडली. १९७५ ची तबकडी. बर्निंग स्पिअर म्हणजे विन्स्टन रॉडनी. मार्कस गार्वी म्हणजे काळ्या लोकांच्या स्वाभिमानाचा जमैकन प्रवक्ता, १८८७ मध्ये जन्मला, १९४० मध्ये लंडनला वारला. दोघेही सेंट ॲन्स बे या एकाच गावचे. रेगे म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचे आळसावलेले संगीत, अशी जी समजूत आहे ती या तबकडीने जाते. गुलामीचे दिवस तुम्हांला आठवतात का, असा प्रश्न इथे गायक विचारतो आणि उत्तरासाठी थांबल्यासारखा तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो. एरवी बॉब मार्लीपासून सुरुवात करून देण्याचा प्रघात आहे. १९७३ ची ‘कॅच अ फायर’ चांगलीच आहे, आणि सिगारेट-लायटरसारखे उघडणारे तिचे पहिले वेष्टन तर संग्राहकांच्या जिवाला लागलेले आहे. पण तिच्यावर लंडनमध्ये गिटारी वगैरे चढवल्या गेल्या होत्या, आणि ते सारे वरच्या मजल्यावरचे काम.

रविवारी आम्ही अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे ध्वनिक्षेपक हातरिक्षाने अण्णांकडे नेले. माडीची जमीन जुन्या सागवानी फळ्यांची. ध्वनिक्षेपक स्टुलांवर न ठेवता फळ्यांवरच ठेवले. अण्णांना चपला काढायला सांगितल्या.

बास सुरू झाला तेव्हा प्रथम खिडकीची काच बोलली. अण्णा स्तब्ध. मग त्यांचा उजवा हात मांडीवर आला आणि नेहमीच्या सवयीने मात्रा मोजू लागला; एक, दोन, तीन, चार. दोनदा मोजले, चेहरा गोंधळला. पहिल्या मात्रेवर काही पडतच नव्हते. रेगेचा जो मुख्य ठेका, त्यात ढोल पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि तिसरीवर आघात करतो. गिटार दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर तुटक फटकारे मारते. आपल्याकडे खालीला डग्गा गप्प बसतो, पण समेला तो वाट पाहून असतो. अण्णांनी पुन्हा मोजले, आणि मोठ्याने, ऐकू न येणारे बोलतात तितक्या मोठ्याने, म्हणाले, ‘अहो, यांनी समेलाच खाली करून टाकले!’

ती बाजू संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. दोन्ही तळपाय फळ्यांवर टेकवून बसले होते. नंतर आम्ही ऑगस्टस पाब्लोची ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ लावली. १९७६ ची. हा गृहस्थ मेलोडिका वाजवतो, म्हणजे तोंडाने फुंकायची लहानशी पेटीच. भात्याच्या जागी श्वास. आणि किंग टबी हा यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. तयार गाण्यातून गायक काढून टाकायचा, मग गिटार काढायची, मग उरलेल्याला प्रतिध्वनी लावायचा, आणि अखेर बास आणि ढोल एवढेच शिल्लक ठेवायचे, ही त्याची कला. त्याला ‘डब’ म्हणतात. गाण्यातून एकेक गोष्ट जात राहते आणि गाणे राहते. आम्ही हे अण्णांना समजावून सांगणार होतो. पण त्यांनी हाताने थांबवले.

आमची ती प्रत लंडनच्या खोक्यातली. आधी कोणी कोणी, कुठल्या सुयांनी वाजवली असेल देव जाणे. तिच्यावर इतके ओरखडे आहेत, की आम्ही ती सहसा कोणापुढे लावत नाही. वहिनी जिना चढून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. ‘फोडणी टाकल्यासारखे काय तडतडते आहे हे?’ त्या आम्हांला म्हणाल्या.

अण्णांना ते ऐकू गेले नाही. त्यांनी वळून तबकडीकडे पाहिले, मग आमच्याकडे. ‘किती स्वच्छ प्रत आहे हो,’ ते म्हणाले. ‘एक ओरखडा नाही. कुठून मिळवलीत?’

वहिनींनी आमच्याकडे पाहिले.

‘लंडनची आहे,’ आम्ही म्हणालो.